उचलून लावायचं दार

प्रिय तन्वी आणि ईशान,

गेल्या रविवारी तन्वी फोनवर सहज म्हणाली, "आजी, घराचे हप्ते थकलेत. बँकेचा नंबर दिसला की मी फोन उचलतच नाही." आणि लगेच तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मीही गुडघ्याबद्दलच बोलले. फोन ठेवल्यावर मात्र खिडकीत बसून मी शेजारच्या घराच्या दाराकडे बघत राहिले. ते दार गुलाबभाईंनी केलेलं आहे. गुलाबभाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी तुम्हाला केव्हातरी लिहायचं हे मी ठरवलेलं होतं. तन्वीच्या त्या एका वाक्यामुळे आजच बसले. पत्र दोघांना मिळून लिहिते आहे. तन्वीने ते लगेच वाचावं. ईशानने घर घ्यायची वेळ आली की वाचावं.

ईशान, तुला ते आठवत असतील. तू लहान असताना सुट्टीत आला होतास आणि त्यांनी तुला एक लाकडी वस्तू खेळायला दिली होती. तू ती टोपी म्हणून डोक्यावर घालून राजारामपुरीच्या गल्लीभर फिरलास. ते एका पंपाचं झाकण होतं. म्हणजे पुढे लोखंडात होणार असलेल्या झाकणाचा लाकडी अवतार.

तोच त्यांचा धंदा. शिरोली एमआयडीसीत त्यांचं छोटं पॅटर्न शॉप होतं. फाउंड्रीत लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. तो लाकडी भाग म्हणजे पॅटर्न. आता, लोखंड निवताना थोडं आकसतं. म्हणून पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा धरायचा. या जास्तीच्या मापाला शिरोलीत सगळे श्रिंकेज म्हणतात. गुलाबभाईंच्या खिशात त्यासाठीची स्टीलची पट्टी कायम असायची. दिसायला तुमच्या कंपासपेटीतल्यासारखी, पण तिचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा जरासा लांब.

ही पट्टी त्यांनी लाकडापुरती ठेवली नाही. श्रिंकेज हा त्यांच्या बोलण्यातला मीठमसाला होता. कुणी लग्नाला सातशे माणूस येणार म्हटलं की ते विचारत, "श्रिंकेज धरलंय काय?" निवडणुकीतल्या उमेदवाराचं भाषण ऐकून आले की, "लई गरम ओततोय. निवल्यावर बघू किती राहतंय." तुमचे बाबा पहिल्यांदा परदेशी निघाले त्या दिवशी सगळे निरोप द्यायला जमले होते. बाबा मला म्हणाले, "आई, दर रविवारी फोन करीन." गुलाबभाई बॅगा गाडीत चढवत होते. तिथूनच ओरडले, "वहिनी, श्रिंकेज धरा! म्हैन्याला एक." मी रडत होते ती हसायला लागले. त्यांचा हिशेब किती बरोबर निघाला ते तुमच्या बाबांना विचारा.

बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. दाढी मेंदीने तांबूस, कानावर पेन्सिल, भुवयांत लाकडाचा भुसा. आवाज असा की ते त्यांच्या स्वयंपाकघरात बोलले तर माझ्या स्वयंपाकघरात उत्तर द्यावंसं वाटे. जैबूनभाभी, त्यांची पत्नी, त्यामानाने फार हळू बोलत. पण घरात शेवटचा शब्द बहुतेक वेळा त्यांचाच असे. एकुलती एक मुलगी रेश्मा जयसिंगपूरला दिलेली, तिथल्याच शाळेत शिक्षिका.

शेजारचं घर त्यांनी हौसेने बांधलं. गवंडीकाम दुसऱ्यांचं, पण लाकूड सगळं त्यांच्या हातचं. पुढच्या दाराला तर त्यांनी महिनेच्या महिने घालवले. सागवानी, दोन फळ्यांचं, चौकटीला असं बसलेलं की मधून कागद जाऊ नये. आणि पहिल्याच पावसाळ्यात ते फुगून बसलं. वास्तुशांतीसारखी दावत होती, बाहेर पाहुणे आणि आत गुलाबभाई, मध्ये न उघडणारं दार. शेवटी आमच्या घरातून आत जाऊन तुमच्या आजोबांनी मागच्या बाजूने सगळ्यांना घेतलं. आजोबांनी पुढे किती वर्षं चिडवलं असेल! "मिस्त्री, लोखंड किती आकसतं ते कळतं तुम्हाला. लाकूड किती फुगतं ते कोण सांगणार?"

दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवशी रंधा मारून मोकळा झाला असता. गुलाबभाईंनी रंधा लावला नाही. म्हणाले, "असू दे की. वरनं जरा उचलायचं, मग खांदा लावायचा. म्हाईत असलेला मानूस आवाज न करता येतोय. धडाधडा केलं की समजायचं, पावणं आलं."

आणि पावणं आलं की झालं! त्या घरातून कुणी चहाशिवाय परत गेलेलं मी पाहिलं नव्हतं. मीटर वाचायला आलेला, केबलवाला, चुकीच्या पत्त्यावर आलेला, सगळे आत. "बसा की पावणं, काम काय पळून जातंय व्हय?" हे ऐकलं की मला समजे, आता त्या माणसाची अर्धा तास सुटका नाही.

मग शिरोलीत मशीनं आली. संगणकावर चित्र काढायचं, मशीन लाकूड कापणार. जे काम गुलाबभाई आठवडाभर करत ते एका दिवसात. ते घाबरले नाहीत. उलट म्हणाले, "मशीन मीच घेतो. हात माझा हायच, वर मशीन." पैसे बँकेचे, तारण घर. कागदांवर सह्या करायला निघाले त्या सकाळी जैबूनभाभी दारात उभ्या होत्या. मी तुळशीला पाणी घालत होते. भाभींनी हळूच विचारलं, "श्रिंकेज धरलंय न्हवं?"

गुलाबभाई मोठ्याने हसले. "अगं, मशीन आकसत न्हाय!"

मशीन आकसलं नाही, काम आकसलं. त्यांचं बहुतेक काम दोन फाउंड्र्यांचं होतं. एकीने स्वतःचंच मशीन घेतलं. दुसरीला वरून ऑर्डर यायच्या त्या कमी झाल्या. हप्ता ठरलेल्या मापाचाच राहिला. पहिला हप्ता चुकला तेव्हा त्यांनी घरात सांगितलं नाही. पुढचे चुकले तेव्हा बँकेचे फोन सुरू झाले. फोन वाजला की गुलाबभाई शॉपमध्ये मशीन सुरू करत, आवाजात काही ऐकू येऊ नये म्हणून. काम नसताना नुसतंच मशीन चालवायचे. हे मला भाभींनी नंतर सांगितलं. तन्वी, तू फोन उचलतच नाहीस म्हणालीस, तेव्हा मला तो मशीनचा आवाज आठवला.

फोन उचलला नाही म्हणून बँकेने माणूस पाठवला. पाटील नावाचे वसुलीचे अधिकारी, तिशी ओलांडलेले, चांगले सभ्य गृहस्थ. पावसाळ्याचे दिवस होते. त्यांनी दार धडाधडा वाजवलं. आतून आवाज आला, "वरनं उचला पावणं, वरनं!"

फोनवरच्या बँकेला गुलाबभाई भीत होते. दारातला माणूस मात्र पाहुणा होता. पाटलांना चहा झाला, भजी झाली. पुढच्या खेपेला ते नेमके रविवारी दुपारी आले आणि मटणाच्या वासातून सुटले नाहीत.

"काका, मी ड्युटीवर आहे ओ," पाटील म्हणत होते.

"ड्युटी उपाशी करायची असा कायदा हाय काय? बसा. अगं, पावण्याला पांढरा रस्सा वाढ अजून."

जेवण झाल्यावर पाटलांनी चाचरत विषय काढला. गुलाबभाई म्हणाले, "एक मोठं काम येतंय. दसऱ्यापातूर सगळं मिटवतो. शब्द हाय माझा." पाटील म्हणाले, "बरं काका, सांगतो साहेबांना."

झालं. गुलाबभाईंच्या लेखी व्यवहार पक्का झाला. त्यांच्या धंद्यात असंच चाले. फाउंड्रीचा मालक चहा पीत सांगे, हे मान हलवत, आणि काम सुरू होई. आपल्या ताटावर बसून जेवलेला माणूस आपला शब्द मागे टाकणार नाही, यावर त्यांचा पक्का विश्वास. पाटील खोटं बोलले नव्हते. त्यांनी साहेबांना सांगितलंही असेल. पण बँकेत तोंडी सांगितलेलं कुठे ठेवतात? ठेवायला जागाच नसते.

मग रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. पोस्टमनला चहा पाजून गुलाबभाईंनी सही केली आणि पाकीट माझ्याकडे आणलं, "वहिनी, इंग्लिश हाय. बघा काय म्हणतोय पाटील." पाटील काहीच म्हणत नव्हते, कायदा म्हणत होता. कर्ज थकीत झालं आहे, साठ दिवसांत भरा, नाहीतर बँक घराचा ताबा घेऊन ते विकू शकेल. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, कायदा नाही. म्हणून ओळखीच्या वकिलांना विचारून आले आणि गुलाबभाईंना समोर बसवून सांगितलं. या साठ दिवसांत आपलं म्हणणं लेखी द्यायचं. बँकेला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. काम का कमी झालं ते लिहायचं, पुरावे जोडायचे. मुदत वाढवून हप्ता लहान करून मागता येतो. मशीन विकून थकबाकी भरतो असं सांगता येतं. बँकेचं खरोखर चुकलं असेल तर पुढे न्यायाधिकरणाकडेही जाता येतं. "पण आधी अर्ज करा," मी म्हणाले. "मी लिहून देते, तुम्ही फक्त सही करा."

त्यांचा चेहरा उतरला. "अर्ज? विनंती अर्ज? वहिनी, ती भीक झाली. मी शाळंत फी-माफीचा अर्ज केला न्हाय. शाळा सोडली, पर अर्ज केला न्हाय."

"ही भीक नाही, तुमचा हक्क आहे."

"आणि पाटलाला काय वाटंल? मानूस घरात येऊन जेवून गेला. त्याला शब्द दिलाय. आता वरनं कागद पाठवायचा म्हंजे त्याच्यावर इस्वास न्हाय असं झालं की!"

साठ दिवस गेले. दसराही गेला. मोठं काम आलं नाही.

एके सकाळी गल्लीत एक जीप थांबली. पाटील उतरले, बरोबर दोघे जण, एकाच्या हातात कागद आणि डिंकाची बाटली, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा. घराचा कागदोपत्री ताबा घेतल्याची नोटीस दारावर चिकटवायची आणि त्याचा फोटो काढायचा, अशी पद्धत असते. आठवड्याच्या आत ती वर्तमानपत्रातही येते, नाव-पत्त्यासह. गल्लीतले सगळे आपापल्या दारांत आले. पाटलांची मान खाली. त्या माणसाने कागदाला डिंक लावून तो दारावर थापला, तोच दार आतून वर उचललं गेलं आणि उघडलं. कागद सुरकुतला.

गुलाबभाई बाहेर आले. त्यांनी कागद पाहिला. पाटलांना पाहिलं. मग त्या माणसाला म्हणाले, "असं लावत्यात व्हय? वाकडं झालंय की."

त्यांनी कागद सोडवला, कपाळाला आठ्या घालून डिंक बोटाने चोळून बघितला. "ह्यो पाणी घातलेला डिंक हाय. दोन दिसांत लोंबंल." आत गेले, स्वतःचा सरस आणि ब्रश घेऊन आले. कानावरची पेन्सिल काढून दारावर बारीक खूण केली, कागद सरळ लावला, मधून कडांकडे हात फिरवत एक फुगा राहू दिला नाही. मग बाजूला झाले. "काढा फोटू."

फोटो काढला. गुलाबभाईंनी पाटलांकडे पाहून विचारलं, "च्या घेणार काय?"

"नको काका," पाटील म्हणाले, आणि जीपकडे चालत गेले.

त्या घरून चहा न घेता गेलेला तो पहिला माणूस. गुलाबभाई आत गेले ते चार-पाच दिवस बाहेर आले नाहीत. भाभी मागच्या दाराने माझ्याकडे आल्या. "हे जेवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "एकच बोलत्यात. घर गेलं तर गेलं, पर माझ्या दाराला दुसऱ्याचं कुलूप लागायचं न्हाय. मी आतच बसतो, म्हणत्यात. आत बसून कुलूप थांबतंय व्हय, वहिनी?"

रेश्माला मी कळवलं. तिने वर्तमानपत्र पाहिलंच होतं. जयसिंगपूरहून मिळेल त्या एसटीने ती आली. बापाचाच आवाज. भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू आलं.

"अब्बा, पाटील जेवून गेला म्हणून कर्ज फिटत न्हाय!"

"तुला न्हाय कळायचं त्यातलं."

"बरं. मला एक सांगा. फाउंड्रीवाला आला आणि म्हणाला, मिस्त्री, एक चांगलंसं झाकण करा. तुम्ही लगेच करवत लावता?"

"ड्रॉइंग बघितल्याबिगर करवतीला हात लावत न्हाय मी. च्या कितीबी पिऊ दे त्यो."

"का? त्याच्यावर विश्वास न्हाय?"

"इस्वासाचा काय संबंध? माप नको काय? उद्या त्यो म्हणंल भोक हिकडं, मी म्हणंन तिकडं. कागदावर असलं की भांडण न्हाय."

"मग अर्ज म्हणजे बँकेचं ड्रॉइंग हाय, अब्बा. तुम्ही त्या पाटलाला ड्रॉइंगबिगर काम सांगितलंय. त्यो बिचारा काय कापणार?"

मग गुलाबभाईंचा आवाज, पहिल्यांदाच हळू. "हे आदी कुणी असं सांगितलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे बँकेत गेलो. गुलाबभाईंनी ईदचा सदरा घातला होता आणि खिशात पट्टी होती. मॅनेजर बाई होत्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी जे सांगितलं ते मी तुमच्यासाठी नीट लिहिते.

त्या म्हणाल्या, पहिला हप्ता चुकला तेव्हाच आला असता तर सर्वांत सोपं होतं. मुदत वाढवून हप्ता लहान करता आला असता, काही महिने सवलत मिळाली असती, आणि घर तुमच्याकडे राहिलं असतं. साठ दिवसांत आला असता तरी बोलता आलं असतं. आता खातं फार पुढे गेलं आहे. तरी दारं बंद झालेली नाहीत. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत सगळी रक्कम भरली तर घर सुटतं. रक्कम जमत नसेल तर एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव देता येतो, मान्य होईल की नाही ते वर ठरतं. किंवा बँकेच्या लेखी परवानगीने तुम्हीच घर विका. घेणारा बँकेचे पैसे बँकेत भरेल, उरलेले तुमचे. लिलावात घर पडेल भावाने जातं. स्वतः विकलं तर बाजारभाव मिळतो. "आणि," बाई म्हणाल्या, "कुलूप लावायला आम्हाला यावं लागत नाही."

गुलाबभाईंनी मान वर केली. "आमचंच कुलूप?"

"तुमचंच. तुम्हीच किल्ली द्याल."

त्यांनी पट्टी काढून टेबलावर ठेवली, जणू मोजायला काही आहे. मग रेश्माला म्हणाले, "लिव्ह. ड्रॉइंग काढ."

अर्ज रेश्माने लिहिला. मी फक्त वेलांट्या पाहिल्या. मशीन विकूनही घर वाचण्याइतकी रक्कम होईना, म्हणून घर विकायची परवानगी मागितली, आणि ती मिळाली, ठराविक मुदतीची. आता खरी धावपळ सुरू झाली. मुदतीत गिऱ्हाईक मिळालं नाही तर लिलाव. वर्तमानपत्र वाचून आलेले दलाल ते ओळखून होते. एक जण ओट्यावर पाय पसरून बसला आणि म्हणाला, "काका, थांबायला काय हरकत न्हाय आमची. लिलावात निम्म्यात मिळंल की." गुलाबभाईंनी त्यालाही चहा दिला. तो गेल्यावर कप मात्र स्वतः विसळला, भाभींना हात लावू दिला नाही.

मुदत संपत आली तेव्हा दातांच्या डॉक्टरांचं एक तरुण जोडपं आलं. खाली दवाखाना, वर राहायचं, असा विचार. भाव ठीक सांगत होते, पण गुलाबभाई हो म्हणेनात. खोल्या दाखवल्या, जिना दाखवला. मग एकदम त्या मुलीला विचारलं, "तुम्ही दाताचा साचा करता न्हवं?"

"हो काका. आधी ठसा घ्यायचा, मग साचा, मग त्यावरून धातूची टोपी ओतून घ्यायची."

"धातू? मग निवल्यावर आकसत न्हाय?"

"आकसतो ना. साच्याचं मटेरियल तेवढं फुगणारं वापरतात. नाहीतर टोपी दातावर बसत नाही."

गुलाबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नोटिशीनंतर इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच काही हललं. "श्रिंकेज धरतीया," ते म्हणाले. "हिला द्यायचं."

व्यवहार झाला. बँकेचे पैसे बँकेत गेले. उरले त्यात शिरोलीत दोन खोल्या आणि शॉपचं भाडं भागलं. त्यानंतर ते आनंदात राहिले असं मी लिहिणार नाही. जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवताना मी त्यांना पाहिलं आहे. हप्ता चुकल्याबरोबर बँकेत गेले असते तर ते घर आजही त्यांचं असतं, हे त्यांना कळत होतं, आणि ते स्वतः बोलून दाखवत. पण शिरोलीत ते पुन्हा हाताने पॅटर्न करू लागले. जुन्या पंपांचे, जुन्या मशीनचे, ज्यांची चित्रं कुठल्याच संगणकात नाहीत असे भाग. काम थोडं, पण ड्रॉइंग मागून घेतलेलं. हप्ता कुणाचा नाही. बँकेचा फोन आलाच तर उचलत आणि "बोला पावणं" म्हणत.

किल्ली द्यायचा दिवस पावसाळ्यातला होता. टेम्पो भरून उभा होता. पाटील बँकेचा शेवटचा कागद घेऊन आले होते. भाभींनी चूल आवरली होती, म्हणून चहा माझ्या घरून नेला. पाटलांनी दोन कप घेतला. दारावरचा कागद गुलाबभाईंनी आदल्या दिवशीच काढला होता. ओल्या फडक्याने, हळूहळू, पॉलिशला ओरखडा न पाडता. सरस त्यांचाच होता, त्यामुळे फार वेळ लागला.

त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या हातात किल्ली ठेवली. मग म्हणाले, "थांबा, नुसत्या किल्लीनं उघडायचं न्हाय ते." दार ओढून घेतलं. "पावसाळ्यात फुगतंय. वरनं जरा उचलायचं. असं. मग खांदा. करून दाखवा."

तिने केलं. जमलं नाही. धडाधड आवाज झाला.

"पावण्यागत करू नका. तुमचंच हाय आता. परत."

दुसऱ्यांदाही आवाज झाला. तिसऱ्यांदा दार गुपचूप उघडलं. गुलाबभाईंनी मान हलवली, एखादं कास्टिंग मापात बसल्यासारखी, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. गाडी वळेपर्यंत ते दाराकडे बघत होते की पुढे, ते मला इथून दिसलं नाही. फक्त कानावरची पेन्सिल दिसली.

तन्वी, तिकडचे नियम वेगळे असतील. ते नीट विचारून घे. पण उद्या सकाळी बँकेला फोन तू कर, त्यांच्या फोनची वाट बघू नकोस. आणि जे बोलशील ते त्यांना लिहूनही पाठव.

आज सकाळपासून इथे पाऊस आहे. शेजारी दवाखान्यात पेशंट येत आहेत, दार धडाधडा वाजतं आहे, आणि आतून कुणीतरी ओरडतं आहे, "वरनं उचला, वरनं!" दार शाबूत आहे. त्याला बँकेचं कुलूप कधीच लागलं नाही.

तुमची आजी